लेकरांच्या ओळीतलं सीताफळ

"देवानं दिलेलं असतं ना, तर त्याला भिंत लागली नसती."

हे वाक्य भिकुबाई मोतीलालच्या नव्या बंगल्याच्या अंगणात बोलली होती, हातात जेवणाचं ताट धरून. घरार्पणाची प्रार्थना नुकतीच संपली होती. बंगल्याभोवती दीड पुरुष उंचीची भिंत होती आणि भिंतीवर काचांचे तुकडे खोचलेले होते. उन्हात ते असे चमकत होते, की पाहुण्यांना ती सजावटच वाटावी. तिचं बोलणं ऐकून लोक हसले. मोतीलालही हसला. "अक्काचं तोंड म्हणजे तिची कढई. कधी थंड सापडायची नाही," असं म्हणत त्याने स्वतःच्या हाताने तिच्या ताटात आणखी एक गुलाबजाम घातला. तिने तो खाल्ला. पुढे कितीतरी वर्षं तिला त्या गुलाबजामाची चव अवेळी आठवायची, आणि आठवली की ती उठून अंगणात जाऊन चूळ भरायची.

निंबोरखेडे हे गाव वरणगावच्या पुढे, महामार्गाला चिकटून आहे. एका बाजूला केळीचे बाग, दुसऱ्या बाजूला मिशनचं आवार. आवारात जुनं दगडी चर्च, थोडी घरं, बंद पडलेला दवाखाना आणि कबरस्तान. भिकुबाई या आवारात लग्न होऊन आली ती शिरपूरकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीतून. इकडे उभं आयुष्य काढूनही तिच्या बोलण्यातला अहिराणी 'शे' काही गेला नाही; 'आहे'ला ती 'शे'च म्हणायची. नवरा रतिलाल वरणगावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे हमाली करायचा. तो गेल्यावर तिने रस्त्याच्या कडेला कच्च्या केळीच्या वेफर्सची कढई मांडली, तीही नेमकी कबरस्तानाच्या समोर. ट्रकवाले विचारायचे, "मावशी, दुसरी जागा नाही मिळाली?" ती झारा हलवत म्हणायची, "मेलेला माणूस भाव करत नाही. शेजार चांगला शे."

खरं कारण ती ट्रकवाल्यांना कशाला सांगेल? कबरस्तानाच्या रस्त्याकडच्या अंगाला, भिंतीच्या पोटाशी एक ओळ होती. तिला सगळे लेकरांची ओळ म्हणत. बाप्तिस्मा व्हायच्या आधी, नाव पडायच्या आधी जी लेकरं गेली, ती तिथे पुरलेली. त्यांना क्रूस नव्हता, दगड नव्हता, चर्चच्या दप्तरात नोंद नव्हती. नावच नाही तर नोंद कशाची करणार? पण मिशनच्या जुन्या दिवसांपासून एक रीत पडली होती. आईने तिथे काहीतरी लावायचं. कोणी जास्वंद लावली, कोणी पेरू, कोणी शेवगा. आपलं मूल कुठे निजलंय ते आईला झाडावरून कळायचं. आणि त्या झाडांचं फळ माणसाने खायचं नाही, ते पाखरांचं. आवारातली पोरं गावभरच्या पेरूंवर दगड मारायची, पण त्या ओळीतल्या फळाला कोणी हात लावल्याचं कधी ऐकिवात आलं नाही.

भिकुबाईचा पहिला मुलगा त्या ओळीत होता. रविवारी त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता, शुक्रवारी तो काविळीने गेला. तिने त्याच्या उशाशी सीताफळाचं रोप लावलं. माहेरच्या डोंगरातून आणलेलं, लालसर सालीचं. तसलं सीताफळ इकडे दुसरं नव्हतं, बाकी सगळी हिरवी.

त्याचा खड्डा मोतीलालने खणला होता. आवारातल्या कबरी खणायचं काम त्याच्या बापाचं, पण बाप तापाने पडला होता, म्हणून कुदळ त्याच्या हाती आली. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. पाय अनवाणी. खणता खणता तो रडत होता आणि सदऱ्याच्या बाहीने नाक पुसत होता. एवढ्याशा जिवाला कमरेइतका खड्डा पुष्कळ, पण त्याने छातीइतका खणला. वर येऊन, हाताची माती न झटकता, तिच्याच बोलीत तिला म्हणाला, "खोल खंदेल शे, अक्का. कुत्रं येवाव नही."

या एका वाक्यावर भिकुबाईने त्याला भाऊ मानलं. त्याच्या घरी चूल पेटली नाही त्या दिवशी तिच्या भाकरीतली अर्धी त्याच्याकडे जायची. आणि तो खाताना तिला बरं वाटायचं, हेही खरं.

मोतीलालला गरिबीचा राग नव्हता, किळस होती. बापाच्या नखांतली माती मरेपर्यंत निघाली नाही. मोतीलालने स्वतःच्या नखांची फार काळजी घेतली. आधी सिमेंटच्या पोत्यांची एजन्सी, मग प्लॉट, मग चर्चच्या पंचमंडळाचं चिटणीसपद. उपासनेत उभा राहून तो साक्ष द्यायचा, "मी अनवाणी होतो, प्रभूने मला चारचाकीत बसवलं." लोक आमेन म्हणायचे. त्याने चर्चला फरशी दिली, पंखे दिले, माइक दिला, तेव्हा आमेन म्हणायला कोणाचं काय जात होतं? धुळ्याहून त्याने एक प्रवचनकारही आणायला सुरुवात केली. ते गृहस्थ सांगायचे, देव ज्याच्यावर प्रसन्न त्याचं घर दुमजली, आणि ज्याचं घर गळतं त्याने आपला विश्वास तपासावा. भिकुबाईचं घर गळत होतं. तिने विश्वास तपासला, तो ठीक होता. मग तिने पत्र्याला डांबर लावलं.

मग महामार्ग चौपदरी झाला आणि कबरस्तानाची रस्त्याकडची बाजू सोन्याची झाली.

चर्चच्या मंडळीची सभा भरली तेव्हा भिकुबाई शिरपूरला होती, मुलीच्या, मोहिनीच्या, बाळंतपणाला. सभेत काय झालं ते तिला नंतर आवारातल्या मंदाबाईकडून कळलं. मोतीलाल उभा राहिला आणि म्हणाला, रस्त्याकडची पट्टी पडून आहे, तिथे दुकानांचे गाळे निघाले तर मंडळीला कायमचं उत्पन्न होईल, छताला नवे पत्रे येतील. म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी चष्मा काढत विचारलं, "तिकडे ती लेकरांची ओळ आहे ना?"

"दप्तरात तसं काही नाही," मोतीलाल म्हणाला. "तिथे काही नाही."

हात वर झाले. ज्यांची झाडं त्या ओळीत होती अशा दोघीतिघींचेही हात त्यात होते. मंदाबाईचा स्वतःचा होता. "मला वाटलं, दुसरी कोणीतरी बोलेल," ती भिकुबाईला म्हणाली. दुसरीलाही तेच वाटलं होतं. आणि नवे पत्रे सगळ्यांनाच हवे होते.

भिकुबाई एसटीतून उतरली तेव्हा भिंत पडलेली होती आणि जेसीबी ओळीच्या मध्यावर आला होता. दिवाळीचे दिवस. लाल सीताफळं लगडलेली. ती पिशवीसकट धावत गेली आणि त्या पिवळ्या सोंडेच्या पुढ्यात उभी राहिली. चालकाने मशीन थांबवलं. गाडीतून मोतीलाल उतरून आला.

"मोती, थांबव रे हे."

"अक्का, उन्हात कशाला उभी राहिलीस? चल, सावलीत चल."

"तठे मना पोऱ्या शे."

मोतीलालने मागे पाहिलं. गाळ्यांत पैसे घालणारे दोघे जण गाडीला टेकून उभे होते. मग तो सभेतल्या आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाला, "मावशी, मोजणी झालेली आहे. तिथे काही नाही."

अक्काची मावशी झाली, हे तिच्या कानाने टिपलं.

"तूच खंदेल व्हता ना तो खड्डा?"

"मला नाही आठवत," मोतीलाल म्हणाला, आणि त्याने फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

दोन बायकांनी तिला धरून बाजूला नेलं. सोंड खाली आली. सीताफळाचं झाड मुळासकट आडवं झालं, तेव्हा एवढा कमी आवाज झाला, की तिला वाटलं आपल्याला ऐकू येईनासं झालंय. संध्याकाळी मशीन गेल्यावर ती घमेलं घेऊन आली. जिथे झाड उभं होतं तिथली माती तिने हाताने भरली. मातीत आणखी काय होतं ते पाहिलं नाही, पदर टाकून झाकलं. एक फुटलेलं फळही उचललं, आणि त्याच्या बिया वेचून पदराच्या गाठीत बांधल्या.

गाळे उभे राहिले. कोपऱ्यावरचा, दोन्ही रस्त्यांना तोंड असलेला गाळा मोतीलालच्या सुनेच्या नावाने निघाला. त्यावर पाटी लागली: आशीर्वाद. भिकुबाईची कढई आता त्या पाटीच्या समोर होती. तेल तापायची वाट बघत ती रोज ती पाटी वाचायची.

सूड माणसाने घ्यायचा नाही, देवावर सोपवायचा, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. तिने सोपवला. एक पावसाळा वाट पाहिली. मोतीलालने दुसरी गाडी घेतली. तेव्हा तिच्या मनात आलं, देवालाही कामाला मजूर लागत असतील.

झाड पाडलं त्याच आठवड्यात तिने घराच्या मागच्या अंगणात ती माती ओतली होती आणि त्यात बिया टोचल्या होत्या. उगवलेल्यांतलं एक रोप ठेवलं, बाकीची उपटली. आधी त्यात सूडबिड काही नव्हतं. गेलेलं झाड परत यावं, एवढंच होतं. पण रोप वाढत गेलं तसं तिच्या मनात दुसरंच काही वाढत गेलं. धुण्याचं पाणी झाडाला घालताना, कढईपुढे बसून केळी किसताना, उपासनेत डोळे मिटताना ते आकार घेत गेलं. आणि एक दिवस ते पूर्ण झालं. तिच्या डोळ्यांपुढे कापणीचा सण आला.

निंबोरखेड्याच्या चर्चमध्ये दरवर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी हा सण होतो. ज्याने जे पिकवलं, जे हाताने केलं, ते तो देवाला आणतो. केळीचा घड, कापसाची गाठोडी, कोंबडा, लोणच्याची बरणी. उपासनेनंतर निंबाखाली त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि येईल ते मंडळीच्या कामाला जातं. पण शेवटची टोपली बाहेर विकली जात नाही. ती विधवेची टोपली. दरवर्षी पाळीपाळीने एका विधवेला तिचा मान मिळतो. ती टोपली पांढऱ्या फडक्याने झाकून वेदीपाशी ठेवतात आणि झाकलेल्या टोपलीवरच बोली लावायची. आत काय आहे ते कोणी बघायचं नाही, कारण किंमत वस्तूची नाही, बाईच्या देण्याची, असा जुन्या लोकांचा भाव. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याने वेदीपुढे उभं राहून फडकं काढायचं, त्यातला पहिला घास सगळ्यांदेखत खायचा, आणि मोठ्याने उपकारस्तुती करायची.

रीत चांगली होती. पण चांगल्या रीतीलाही कीड लागते. गेल्या काही वर्षांत शेवटची टोपली म्हणजे गावातल्या दोन पैसेवाल्यांची कुस्ती झाली होती. एकीकडे मोतीलाल, दुसरीकडे जीवराम. जीवराम कारखान्यातून निवृत्त झालेला, चिटणीसपदाच्या निवडणुकीत पडलेला, बोलायला तिखट. मोतीलालने ती टोपली कधी सोडली नव्हती.

भिकुबाईची पाळी यायला अजून अवकाश होता. झाडाला फळ धरायलाही. दोघांचं गणित एकाच वर्षी जुळलं तेव्हा तिला वाटलं, वरच्या ठेकेदाराने मजूर नेमला.

त्या वर्षी झाडाला पहिलाच बहर आला. पाखरं घिरट्या घालू लागली तशी तिने एकेका फळाला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. शेजारची पोरं डोकावतात म्हणून बाभळीचे काटे आणून झाडाभोवती गच्च कुंपण घातलं. मोहिनी शिरपूरहून दोन दिवसांसाठी आली होती. ती मागच्या दारात उभी राहून बघत राहिली.

"आई, झाडाला भिंत कशाला गं घातलीस?"

"पाखरं खातात."

"मग खाऊ दे की. तूच सांगायचीस ना, त्या ओळीचं फळ पाखरांचं म्हणून?" मोहिनीला झाडाचं मूळ ठाऊक होतं, बेत ठाऊक नव्हता. पण ती भिकुबाईचीच मुलगी होती. आवाज खाली आणून म्हणाली, "कोणासाठी राखतेस?"

"आहे एक पाहुणा."

"आई, सोडून दे ना गं."

"धरलंय कोणी? ये, भाकर खा."

फळांचे डोळे उघडले, दोन खवल्यांमधली रेघ पांढरी झाली, तशी तिने ती उतरवली आणि कडब्यात पिकत घातली. रोज बोटाने दाबून बघायची. आणि दाबताना ते एकच वाक्य तोंडात घोळवायची, जे ती त्याला पहिला घास गिळल्यावर, भर चर्चमध्ये ऐकवणार होती. "मोती, तू जे खादं, ते तठलं शे, जठे काहीच नव्हतं." एवढंच. त्यानंतर त्याने खुशाल आपल्या दुमजली घरात जाऊन झोपावं. कुठल्या अन्नाची चव त्याला पुन्हा लागते, ते तिला बघायचं होतं.

सणाच्या रविवारी चर्च भरलं होतं. म्हाताऱ्या पाळकसाहेबांच्या जागी आता योगराज नावाचे तरुण पाळक आले होते. कृश, हळू बोलणारे, मोतीलालला न आवडणारे. त्यांनी छोटंसं प्रवचन केलं. म्हणाले, "लोभाला पैसाच लागतो असं नाही. माणूस काहीही साठवतो. मान साठवतो, दुःखही साठवतो. जे कोणाला देववत नाही, ते सगळं साठवलेलंच समजा." शेवटच्या बाकावरून भिकुबाईने पहिल्या बाकावरच्या मोतीलालच्या मानेकडे पाहिलं. बरोबर वर्मी लागलं असेल, असं तिला वाटलं. मग कोण जाणे का, बाभळीच्या काट्यांचं कुंपण डोळ्यांपुढे आलं. तिने ते झटकून टाकलं.

निंबाखालचा लिलाव कौतिकने केला. कौतिक आठवडाभर केळीच्या व्यापाऱ्याकडे बोली पुकारायचा, त्यामुळे त्याचा आवाज तयार होता. "हा कोंबडा बघा! अख्खं प्रवचन गप्प बसला. आपल्यातल्या कोणाला जमलं का?" लोक खिदळले. भोपळे गेले, तिळाच्या वड्या गेल्या, कापूस गेला. मग सगळे आत आले. वेदीपाशी पांढऱ्या फडक्याखाली टोपली होती.

"भिकुबाईची टोपली!" कौतिक म्हणाला. "आत काय आहे ते देवाला ठाऊक आणि अक्काला. चला, कोणाची बोली?"

जीवरामने हात वर केला. मोतीलालने मागे न बघता आकडा वाढवला.

"चिटणीस, वेफर्सच असतील हो आत. रस्त्यावर स्वस्त मिळतात," जीवराम म्हणाला, आणि स्वतःच आणखी वाढवला.

"जीवरामभाऊ, पेन्शन सांभाळा."

"पेन्शन माझी आहे, चिटणीस. प्लॉटची नाही."

हशा झाला. मोतीलालचे कान लाल झाले आणि आकडा एकदम उडाला. बाकांवरचे लोक पुढे झुकले. भिकुबाईने बाकाची कड घट्ट धरली. सगळं तिने योजलं तसंच चाललं होतं, मापाने कापल्यासारखं. आपल्याला आनंद झाला पाहिजे, असं तिला वाटलं. पण कौतिक ओरडत होता, "भिकुबाईची टोपली, एकवार! भिकुबाईची टोपली, दोनवार!" आणि त्या प्रत्येक 'वार'ला तिच्या ओटीपोटात काहीतरी हलत होतं, पूर्वी कधीतरी हललं होतं तसं.

"तीनवार! चिटणीससाहेबांची!"

टाळ्या झाल्या. मोतीलाल उठला, कोट नीट केला, वेदीपुढे आला. कोणीतरी मोबाइल वर धरला. त्याने दोन बोटांनी फडकं उचललं.

लालसर सालीची सीताफळं. पिकून डोळे उघडलेली.

फडकं त्याच्या हातातच राहिलं. तो टोपलीकडे बघत होता, आणि मागच्या बाकावरून भिकुबाई त्याच्या पाठीकडे. पाठ थोडी खाली आली. मग त्याने मान वळवली आणि इतक्या लोकांमधून त्याची नजर सरळ तिच्यावर आली. शोधावं लागलं नाही. त्याला आठवत होतं. सगळं आठवत होतं. नेहमीच आठवत होतं. तिला हेच हवं होतं.

"घ्या चिटणीस, घास घ्या!" जीवराम ओरडला. "का विधवेचं फळ पचत नाही?"

लोक हसले. मोतीलालही हसल्यासारखं करून वळला. तो फळ ठेवून देऊ शकला असता. मला नको, एवढं म्हणू शकला असता. पण मग का नको ते सांगावं लागलं असतं, आणि समोर अख्खी मंडळी बसली होती. त्याने एक फळ उचललं, अंगठ्यांनी फोडलं, आणि अर्धं तोंडाला लावलं.

सीताफळ घाईने खाता येत नाही. गर जिभेने सोडवावा लागतो आणि बिया तोंडात साठत जातात. वेदीपुढे थुंकायचं कसं? मोतीलालचा गाल फुगला. गिळायला गेला, गिळवेना. पाळकसाहेब म्हणाले, "आता उपकारस्तुती." त्याने ओठ किंचित उघडले आणि पुन्हा मिटले. पुढच्या रांगेतली मुलं फिसकन हसली. कौतिक हळूच म्हणाला, "चिटणीससाहेबांना मौनव्रत लागलं वाटतं." कोणी हसलं, कोणी हसलं नाही. क्षण लांबत गेला. मोतीलालच्या हनुवटीवरून पांढरा रस ओघळला.

योगराज पाळकांना वाटलं, म्हाताऱ्या बाईच्या देण्याने माणूस गहिवरला. त्यांनी माइक मागच्या दिशेला धरला. "अक्का, तोवर तुम्हीच दोन शब्द बोला. या ना पुढे."

भिकुबाई उठली. मधल्या वाटेने चालत निघाली. वाक्य तोंडात तयार होतं, कडब्यात घातलेल्या फळासारखं पिकलेलं, जिभेच्या टोकावर आलेलं. दोन्हीकडच्या माना तिच्याबरोबर वळत होत्या. ती वेदीपाशी पोचली आणि मोतीलालच्या समोर उभी राहिली.

त्याचे डोळे भरले होते. नाक वाहू लागलं होतं. त्याने हात वर केला आणि कोटाच्या बाहीने नाक पुसलं. अगदी तसंच. कुदळ टाकून वर आला होता तेव्हासारखं.

त्याला बघून तिला दया आली नाही. मुळीच नाही. उलट ते वाक्य आणखीच जोराने सांगावंसं वाटलं. पण तेवढ्यात तिची नजर टोपलीवर गेली. उघडी पडलेली फळं. एक फोडलेलं, अर्धं खाल्लेलं. बाजूला चुरगळलेलं पांढरं फडकं, तसलंच, ज्यात गुंडाळून तिने एकदा लेकरू मातीत दिलं होतं. भिंत पाडली ती याने. गाळे बांधले तेही याने. पण टोपलीत घालून इथे, कौतिकच्या आवाजाखाली, आपल्याच लेकराला लिलावाला कोणी मांडलं होतं?

माइक तिच्या तोंडासमोर होता. चर्च थांबलं होतं. मोतीलाल तिच्या तोंडाकडे बघत होता, वार येणार हे कळलेल्या माणसासारखा. तो यावा, एकदाचा येऊन जावा, असंही त्या नजरेत होतं.

भिकुबाईने उजवा तळवा पुढे केला, त्याच्या हनुवटीखाली. लेकराच्या तोंडातलं काढून घेताना आई धरते तसा.

मोतीलाल क्षणभर तसाच राहिला. मग वाकला, आणि त्याने एक एक करत सगळ्या बिया तिच्या हातावर ठेवल्या. काळ्या, ओल्या, चकचकीत. शेवटची पडेपर्यंत ती थांबली. मग तिने मूठ मिटली. दुसऱ्या हाताने त्याच्या हातातलं उरलेलं फळ घेऊन टोपलीत ठेवलं, फडकं झटकून त्यावर पसरलं, चारी कडा आत खोचल्या, आणि टोपली कमरेवर घेतली.

"अक्का, अहो, टोपली गेली ना लिलावात," कौतिक पुढे झाला.

मोतीलालने हात वर करून त्याला थांबवलं. आता त्याचं तोंड रिकामं होतं. तो काहीतरी बोलेल म्हणून मंडळी बघत राहिली. 

पाळकसाहेबांनी माइक पुन्हा तिच्याकडे केला. ती माइकला वळसा घालून मधल्या वाटेला लागली. मंदाबाईच्या बाकाजवळून गेली, जीवरामजवळून गेली, आपल्या शेवटच्या बाकाजवळून गेली. एका हाताने कमरेवरची टोपली सावरत आणि दुसऱ्या हाताची मूठ छातीशी धरून ती उंबरा ओलांडून बाहेर उन्हात निघून गेली.